ढोलीची नोंद कुठल्या रकान्यात?

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी वाद पेटला तो मास्तरांच्या वहीवरून. वॉर्डातली रानझाडं, पाखरं, सरडे, फुलपाखरं सगळ्यांनी मिळून नोंदवायची, असं त्यांनी मनावर घेतलंय.

"शहरात काय मोजताय ओ मास्तर? जनावरं बघायची तर खानापूरकडं जावा. भीमगड आहे की," दाजी म्हणाले.

"भीमगडाला २०११ साली अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांची राखण कोण करणार?" मास्तर म्हणाले.

"झाडं मोजायला महापालिका आहे," अण्णा मध्येच बोलला. "एक तोडलं तर दहा लावायची. हिशेब मिटला."

इथं मला राहवलं नाही. धनेश पक्ष्याचा हिशेब असा मिटत नाही. त्याला स्वतःला झाडात ढोली कोरता येत नाही, आयती लागते. मादी आत शिरून ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर वड-उंबराची फळं आणून तिला भरवत राहतो. ढोली पडायला झाड जुनं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, खोड आतून कुजावं लागतं. दहा रोपांत एकही ढोली नसते. म्हणून माझा हट्ट एवढाच होता, की वहीत झाडाच्या नावापुढं ढोलीचा रकाना हवा.

दाजींनी लगेच अडवलं. "आणि घुबडाची ढोली लिहिली तर? अमावास्या आली की पकडणारे हजर!" हे खरंच आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, पण सगळ्या जातींची नाही. उरलेल्यांची आपणच झाकायची. घरट्यांचा पत्ता फक्त मास्तरांकडं राहील, असं ठरलं.

नावांवरून मात्र कट्टा तापला. दाजींना मराठीच हवं. अण्णाच्या घरी कन्नड; तो म्हणाला, टाकळ्याला आम्ही तगचे म्हणतो, आघाड्याला उत्तरणी, धनेशाला मंगट्टे, ती नावं कुठं जाणार? मला अण्णाचं पटलं. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोकांच्या मदतीनं जैवविविधता नोंदवही करायला सांगितलंय. तिथं आपली वही द्यायची, तर पावसाळ्यात टाकळा खुडणाऱ्या मावशीला आणि तगचे खुडणाऱ्या अक्काला, दोघींनाही ती आपली वाटली पाहिजे. दोन्ही नावं लिहायची. दाजी गप्प बसले, पण नाही म्हणाले नाहीत.

गाजरगवताचं भांडण अजून चालूच आहे. अण्णा म्हणतो, परदेशी तण कशाला मोजायचं? मी म्हणतो, लिहायचं, आणि कुठल्या सालापासून कुठल्या बोळात टाकळ्याच्या जागी ते माजलं, तेही लिहायचं. मंगळवारी परत बसणार आहोत.