‘रोग ट्रूपर’च्या संग्रहाला दोन तारे देणाऱ्या वाचकास दुकानाकडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘रोग ट्रूपर: टेल्स ऑफ न्यू अर्थ’ या ब्रिटिश युद्ध-कॉमिकच्या संग्रहाचा पहिला खंड आमच्याकडून घेतल्यावर तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही नीट लिहिलीत. मुखपृष्ठ रंगीत, पण आत सगळं काळं-पांढरं. दर पाच-सहा पानांनी तीच माहिती पुन्हा. विज्ञानकथा कमी आणि लढाईच जास्त. एवढा जाड खंड संपला तरी गोष्ट अर्धी. पहिल्याच वाचनात मधली दोन पानं सुटली. आणि पावसाळी हवेत कव्हर वळलं. यातले काही मुद्दे कॉमिकच्या मूळ घडणीचे आहेत आणि काही बांधणीचे, म्हणून दोन्हींचं उत्तर वेगवेगळं देतो.

आधी सुटलेली पानं, कारण तिथे घाई आहे. कृपया ती घरी चिकटवू नका आणि सेलोटेप तर अजिबात लावू नका. टेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि मग पान काढताही येत नाही. या पुस्तकाला शिलाई नाही. छापलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेले पानांचे जुडगे, एकावर एक रचतात, कण्याच्या बाजूच्या घड्या कापून काढतात, कडा खरवडतात आणि त्यावर गरम गोंदाचा थर देऊन कव्हर बसवतात. म्हणजे आतलं प्रत्येक पान सुटंच असतं आणि फक्त कडेच्या गोंदावर टिकून असतं. पान दोन कारणांनी सुटतं. गोंद कडेपर्यंत पोचलाच नसेल तर सुटलेल्या पानाची कड स्वच्छ असते, तिला हात लावला तर गोंदाचा कण लागत नाही. हा छापखान्यातला दोष, त्याची प्रत आम्ही बदलून देतो. दुसऱ्या प्रकारात पुस्तक मधोमध उघडून दाबलेलं असतं: कण्यावर बाहेरून उभी पांढरी चीर दिसते आणि गोंदाची पापडी तुटून दोन्ही बाजूंना थोडी थोडी राहिलेली असते. अशी प्रत बदलता येत नाही, पण पान आम्ही दुकानात मोफत बसवून देतो. कण्याचा बाहेरून एक, सुटलेल्या पानाच्या कडेचा जवळून एक आणि पान जिथून निघालं त्या फटीचा एक, असे तीन फोटो बिलासोबत पाठवा. तेवढ्यावरून प्रकार कळतो.

एवढ्या जाड चिकटबांधणीची नवी प्रत उघडायची एक पद्धत आहे आणि ती दोन मिनिटांत होते. पुस्तक कण्यावर टेबलावर उभं धरा. दोन्ही कव्हरं आडवी पाडा, आतली पानं हातात उभीच राहू द्या. मग पुढून दहा-पंधरा पानं खाली घ्या आणि घडीजवळ वरून खालपर्यंत बोट हलकेच फिरवा. तेवढीच पानं मागून घ्या. असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. ताण सगळ्या कण्यावर वाटला जातो आणि गोंद एका जागी तुटत नाही. घडीत शिरलेली संवादाच्या फुग्यांमधली अक्षरंही यानंतर बरीच मोकळी होतात. पूर्ण सपाट मात्र हे पुस्तक कधीच उघडणार नाही, तसा हट्ट धरला की पान हातात येतं. हे कॉमिक मुळात ज्या साप्ताहिकात आलं, त्यातली मधली जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली चित्रं, सहज सपाट पडत. संग्रहात तीच जोडपानं घडीपाशी थोडी गिळली जातात आणि वाचताना ते खटकतं, हे तुमचं म्हणणं रास्त आहे.

आता काळ्या-पांढऱ्याबद्दल. ‘2000 एडी’ हे ब्रिटिश साप्ताहिक 1977मध्ये सुरू झालं आणि रोग ट्रूपर त्याच्या 228व्या अंकात, 1981मध्ये आला. लेखन गेरी फिनली-डे यांचं, पहिली चित्रं डेव्ह गिबन्स यांची. अंक स्वस्त वृत्तपत्री कागदावर निघत. रंग प्रामुख्याने मुखपृष्ठाला आणि मधल्या जोडपानांना मिळे, बाकी अंक एकाच शाईत. रोग या नायकाची कातडी निळी आहे हे आतल्या पानांवर दिसत नाही, शब्दांतून कळतं. रंगवलेल्या आवृत्त्याही निघाल्या. 1980च्या दशकात अमेरिकी बाजारासाठी हीच पानं रंगवून छापली गेली, पण तिथल्या पानाचं माप वेगळं असल्याने चित्रं ताणावी आणि चौकटी हलवाव्या लागल्या. आमच्या मते ते रंग चित्रांच्या अंगावर आले. गिबन्सची रेघ स्वच्छ आणि मोजकी असते. पुढे कॉलिन विल्सन येतात, त्यांच्या पानांवर विटांचा ढिगारा, गंजलेला पत्रा, वाकलेल्या सळया बारीक रेघांनी भरलेल्या आहेत. त्यावर सपाट रंग चढवला की अर्धं काम झाकलं जातं. हा खंड रंगीत हवा म्हणून विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो. तुम्ही ऑनलाइन मागवलात, तिथेही आमच्या पानावर ‘आतील छपाई काळी-पांढरी’ ही ओळ किमतीच्या खालीच आहे.

तीच माहिती पुन्हा का येते? प्रत्येक भाग पाच-सहा पानांचा, आठवड्यातून एकदा. मागचा अंक हुकलेल्या मुलाला पहिल्या पानावरच कळावं लागे की न्यू अर्थ या ग्रहाची हवा विषारी आहे, साध्या सैनिकाला रासायनिक पोशाखाशिवाय जगता येत नाही, आणि रोगला मात्र त्या हवेत श्वास घेता येतो, कारण तो त्यासाठीच घडवलेला सैनिक आहे. सलग वाचताना हे टोचतं. एका बैठकीत दोन-तीन भाग वाचा, शीर्षक पुन्हा आलं की थांबा. साप्ताहिकाची गती हाताला लागली की प्रत्येक भागाच्या शेवटचा धक्का नीट बसतो. आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या माहितीत सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. या सैनिकांच्या डोक्यात बायोचिप असते. मेल्यावर साठ सेकंदांत ती काढून दुसऱ्या सामानात बसवली तर त्या माणसाचं मन टिकतं. रोगच्या बंदुकीत गनर, पाठपिशवीत बॅगमॅन आणि शिरस्त्राणात हेल्म हे त्याचे तीन मेलेले सोबती आहेत. ते बोलतात, भांडतात, कधी अडून बसतात. क्वार्ट्झ झोन या रणभूमीवर त्याची सगळी तुकडी दगाफटक्याने कापली गेली आणि तो एकटा उरला. त्या तिघांच्या मरणाचं ओझं तो रोज अंगावर वागवतो, ही आठवण करून न देता पुढचा भाग सुरूच होत नाही.

‘लढाईच जास्त’ हे निरीक्षण बरोबर आहे. फिनली-डे आधी ‘बॅटल पिक्चर वीकली’ या 1975पासूनच्या युद्ध-साप्ताहिकात लिहीत. 1979मध्ये त्यांनी ‘2000 एडी’मध्येच ‘द व्हीसीज’ ही अंतराळयुद्धाची मालिका लिहिली होती. रोग ट्रूपर त्याच परंपरेतला आहे. नॉर्ट आणि साउदर या दोन बाजू, खंदक, वायू, पोशाखाला गेलेली एक चीर आणि त्यातून मेलेला शिपाई. ज्यांना यंत्रं, ग्रह आणि शोध यांची विज्ञानकथा हवी असते, त्यांना आम्ही काउंटरवर हा खंड पुढे करत नाही. युद्धकथा आवडणाऱ्याला मात्र डोळे मिटून देतो.

गोष्ट अर्धी वाटते कारण ती खरंच पुढे जाते. ज्या देशद्रोही जनरलच्या मागे रोग आहे, त्याचा निकाल या खंडात लागत नाही. त्यासाठी दुसरा खंड घ्यावा लागतो. पुस्तकातली पानं गळालेली नाहीत. तरीही शंका असेल तर पानांचे आकडे बघा. काही चित्रं काठापर्यंत छापलेली असल्याने तिथे आकडा नसतो, मागचा-पुढचा जुळवायचा. आकड्यांत एकदम सोळा किंवा बत्तीसची उडी आली तर फर्मा गळाला आहे, आणि ती प्रत कुठल्याही चर्चेविना बदलून मिळेल.

कव्हरचं वळणं पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये नेहमीचं. बाहेरून लॅमिनेशन असतं, तिकडून ओल शिरत नाही. आतला कोरा पुठ्ठा हवेतली ओल पितो, फुगतो, आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन सुटून येईल. कोरड्या दिवशी पुस्तक आडवं ठेवा, वर-खाली स्वच्छ पुठ्ठा, त्यावर दोन-तीन किलो वजन, आणि आठवडाभर हात लावू नका. नंतर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलं तर पुन्हा वळत नाही. डांबरगोळ्यांनी किडे जातील, ओल जात नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर दोन बोटं पुढे ओढा.

किमतीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय. पुस्तकावर किंमत पौंडात आहे. वाहतुकीचा खर्च त्यावर पडतो, शिवाय 2019च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क लागलं. छापील किमतीच्या रूपांतरावर आम्ही वेगळा हाताळणी खर्च लावत नाही, बिलावर हिशोब तपासून घ्या.

फोटो आले की त्याच दिवशी कळवतो. बदली निघाली तर शक्यतो अप्पा बळवंत चौकात दुकानावरच या. नव्या प्रतीचं सील तुमच्यासमोर फोडू, वर सांगितल्याप्रमाणे उघडून सगळे फर्मे मोजून देऊ, आणि पाऊस असेल तर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. येणं जमणार नसेल तर जुनी प्रत आमचा माणूस घरून घेऊन जाईल, त्याचे पैसे पडणार नाहीत.