तेवीस प्रीअँप आणि पांढरी पाच

मला मुळात एकच प्रीअँप हवा होता.

बाबा गेले तेव्हा मागे एक स्कूटर, पोस्टातली बचतपत्रं आणि दीडएकशे एलपी रेकॉर्ड राहिल्या. स्कूटरला गिऱ्हाईक मिळालं, पत्रं मोडली, एलपी मात्र लोखंडी कपाटात तशाच उभ्या. बऱ्याचशा डमडमच्या कारखान्यातून निघालेल्या, आणि प्रत्येकीच्या पाकिटावर बाबांच्या अक्षरात तारीख अन् किंमत. "एकदा लावून दाखव रे त्या," असं आई दर पाडव्याला म्हणायची. शेवटी मी टर्नटेबल दुरुस्त करून आणला आणि घरातल्या अँप्लिफायरला जोडला. रेकॉर्डवरच्या बाई गायला लागल्या. पण समोरच्या सोसायटीत, खिडक्या लावून.

रेकॉर्डच्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. हल्लीच्या अँप्लिफायरला त्याच्या शंभरपट तरी लागतात. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे सूर उचललेले असतात. तसं केलं नाही, तर खर्जाच्या चऱ्या इतक्या रुंद होतील की एका बाजूवर धड एक विलंबित ख्याल मावायचा नाही. किती दाबायचं आणि किती उचलायचं, याचं प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरलं. ऐकताना त्याच्या बरोबर उलट करावं लागतं. ते करणारा डबा म्हणजे फोनो प्रीअँप. जुन्या अँप्लिफायरमध्ये तो पोटातच असायचा, आता वेगळा घ्यावा लागतो, आणि बरा घ्यायचा तर किमतीत स्कूटरचे पैसे जातात.

म्हणून घरी बनवायचा ठरवला. एनई ५५३२ नावाचा आठ पायांचा आयसी, चार पैशांचे रेझिस्टन्स, थोडे कंडेन्सर, पुढे व्हॉल्यूम कंट्रोल. सर्किट काढलं, ते ज्या पट्टीवर छापतात ती पीसीबी बनवणाऱ्याला दर विचारला. तो म्हणाला, एक नग केला तर ११००, पंचवीस केले तर नगाला १६०.

इथे मी गप्प बसून ११०० द्यायला हवे होते.

मी एका मित्राला सहज म्हणालो. तो म्हणाला, "माझा एक धर." त्याच्या मेव्हण्याने एक धरायला सांगितला. मेव्हण्याच्या बँकेतल्या एका निवृत्त साहेबांनी दोन, "पण दुसऱ्याचं नक्की नाही." रविवारपर्यंत व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला होता, त्यात ३१ जण होते आणि त्यांतल्या नऊ जणांना प्रीअँप म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. "माझा एक धर" म्हणायला आपल्याकडे पैसे पडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढतात तसा मी ग्रुपात फिरलो, आणि सगळ्यांनी पान पुढे केलं. पैशांचं नाव काढल्यावर ३१ चे १९ झाले, मुदत वाढवल्यावर २६, आणि शेवटी कसेबसे २३ वर थांबले. त्यात नाशिकचे दोघे, नागपूरचा एक, मिरजेचे एक सतारमेकर आणि न्यू जर्सीचा एक.

मला वाटलं होतं, वाद सर्किटवरून होईल. रात्ररात्र बसून मी उत्तरं तयार ठेवली होती. सर्किटबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. वाद झाला तो पुढच्या छोट्या दिव्याचा रंग लाल की निळा, यावर. अकरा दिवस. एक जण म्हणाला, नाट्यसंगीत ऐकताना निळा दिवा म्हणजे देवघरात ट्यूबलाइट. दुसऱ्याने लाल दिव्याला मिक्सरची उपमा दिली. दोघे ग्रुप सोडून गेले, त्यातला एक रात्री परत आला आणि "चुकून बाहेर पडलो" म्हणाला. मी दोन्ही रंगांचे दिवे पाकिटात घालायचं कबूल केलं, तेव्हा बँकेच्या साहेबांनी हिरव्याची चौकशी केली.

मग वसुली. यात गणपतीच्या वर्गणीसारखा धाक नसतो, कारण चार पोरं घेऊन दारात उभं राहता येत नाही. एकाने आधी १ रुपया पाठवला, "पोचला का?" म्हणून. पोचला म्हटल्यावर आठ दिवस पुढचे पैसेच नाहीत. एकाला अमावास्येला व्यवहार करायचा नव्हता. साहेबांनी चेक कुरियरने पाठवला आणि रेव्हेन्यू स्टँप लावलेली पावती मागितली. एकाने इंग्रजी अक्षरांत "पॉटचे ८५०" असा निरोप लिहून पैसे टाकले. पॉट म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. बायकोने तो निरोप "पोटचे ८५०" असा वाचला आणि संध्याकाळी चहा देताना "हे कोण?" असं फार शांतपणे विचारलं. तिला मी सर्किट उघडून दाखवलं. तिने ते पाहिलं, पण समाधान झाल्याचं अजून कळवलेलं नाही.

खरेदीसाठी आधी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हिंडलो. डबे, वायरी, खटके तिथे मिळाले. पॉट आणि कंडेन्सर एकाच जातीचे इतके नग मिळेनात, म्हणून सकाळची डेक्कन क्वीन धरली, दादरला उतरून ग्रँट रोड गाठलं. तिथल्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जन्मात एकदा तरी जाऊन यावं. ज्या वस्तूचं नाव आपल्याला धड उच्चारता येत नाही, ती वस्तू तिथे चार फुटांच्या दुकानात, माळ्यावर, डाव्या हाताला, तिसऱ्या खोक्यात असते.

"सेहेचाळीस कंडेन्सर द्या," मी म्हटलं.

"पाकीट शंभरचं."

"मला सेहेचाळीसच लागतात."

"मग सेहेचाळीस घ्या. पैसे शंभरचे."

संध्याकाळपर्यंत गरज नसलेल्या वस्तू मी किती घेतल्या, याचा हिशोब ग्रुपवर टाकलेला नाही.

ट्रान्सफॉर्मर मात्र पुण्यातच एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतले. गोल, वड्यासारखे, १५-०-१५ व्होल्टचे. तो माणूस भला होता, पण त्याचा उद्या आणि आपला उद्या यांत तीन आठवड्यांचं अंतर असायचं. त्यात न्यू जर्सीकराचा फोन. तिकडे भिंतीतून १२० व्होल्ट येतात, म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळा गुंडाळायचा आणि ठाण्याला त्याच्या आईकडे पोचवायचा. त्या माउली डिसेंबरात गोडा मसाला, भाजणी आणि तो ट्रान्सफॉर्मर घेऊन विमानतळावर गेल्या. तांब्याचा अर्धा किलोचा गोल गोळा, दोन बाजूंनी वायरी निघालेल्या. सुरक्षावाल्याने विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "मुलाचं आहे, त्याला विचारा." मुलगा तेव्हा झोपलेला होता. सगळी पिशवी रिकामी करून दाखवल्यावर त्यांना सोडलं. गोळा गेला, पण भाजणीची पिशवी त्या गडबडीत फुटली, ती फुटल्याचा ठपका ग्रुपवर माझ्या नावाने आहे.

सगळ्यात मोठं काम घरचं होतं. एका प्रीअँपला ५८ रेझिस्टन्स. २३ गुणिले ५८ म्हणजे १३३४. दाण्याएवढ्या निळ्या नळ्या, प्रत्येकीवर पाच रंगीत पट्टे. एक हजार ओहमची असली तर तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी आणि दहा हजारांची असली तर तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी. निळ्या अंगावरचा तपकिरी आणि लाल ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो. मी प्रत्येक नळी मीटरला लावून पाहत होतो. आई शेजारी येऊन बसली. तिने चष्मा लावला, एक ताट घेतलं आणि तांदूळ निवडावेत तशा नळ्या वेगळ्या करायला लागली. नावं तिने स्वतःच दिली. पिवळं-जांभळं म्हणजे सत्तेचाळीस, ते तिच्या भाषेत "इरकलीचं". १० हजारवाल्या "कुंकवाच्या", १ हजारवाल्या "बिनकुंकवाच्या". हे ऐकून बायकोने तिला दटावलं, मग त्या "काकूंच्या" झाल्या. दोन तासांत तिने चारशे नळ्या लावल्या. मी मीटरने तपासल्या, तर सहा चुकलेल्या निघाल्या. त्याआधीच्या माझ्या दोनशेंत अकरा.

कंडेन्सरचं तर स्थळं पाहण्यासारखं झालं. डावा आणि उजवा कान सारखा ऐकू यायचा, तर खर्ज उचलणारे कंडेन्सर दोन्हीकडे जुळते लागतात. पाकिटावर किंमत एकच छापलेली, प्रत्यक्षात कोणी चार टक्के कमी, कोणी तीन टक्के जास्त. दोनशे कंडेन्सर मोजून मी जोड्या जमवल्या. उरलेले बिनलग्नाचे एका बरणीत आहेत.

पाकिटं रवाना झाली. पहिला आठवडा शांतता. मग रात्री साडेअकराला नाशिकहून फोटो आला, धुराचा. व्होल्टेज आवरणाऱ्या दोन चिपा असतात, एलएम ३१७ आणि एलएम ३३७. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचा मधला पाय जिथून वीज बाहेर देतो, तिथून दुसरी आत घेते. मी कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. चार जणांनी एकमेकींच्या जागी बसवल्या. साहेबांनी दोन्ही बरोबर बसवल्या आणि मोठा कंडेन्सर उलटा लावला. तो फुटला तेव्हा त्यांच्या घरी सत्यनारायण होता.

आणि मग पॉट.

हे मी आजवर कुठे बोललेलो नाही. व्हॉल्यूम कंट्रोल दोन जातींचे असतात. लिनियर, म्हणजे बेरजेने वाढणारा, आणि लॉग, म्हणजे पटीने. आवाजासाठी लॉग लागतो, कारण माणसाचा कान पटीत ऐकतो, बेरजेत नाही. पॉटवर एक अक्षर छापलेलं असतं. जपानी पद्धतीत ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. जुन्या युरोपीय पद्धतीत बरोब्बर उलटं. माझ्याकडचं सर्किट एका जुन्या युरोपीय झेरॉक्सवरून उतरवलेलं, त्यात बी लिहिलेलं. मी लॅमिंग्टन रोडला छाती काढून म्हणालो होतो, "बी पन्नास के, तेवीस नग, दुसरं काही चालणार नाही." दुकानदाराने एकदा विचारलंही होतं, "नक्की बी? व्हॉल्यूमला?" मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती आठवली की अजून मान खाली जाते.

परिणाम असा की बटण घड्याळातल्या आठवर असताना कुजबुज, नऊवर मैफल, साडेनऊवर शेजारी. पुढे पाचपर्यंत फिरवा, फारसा फरक नाही. नागपूरकराने लिहिलं, "दादा, याला बटण कशाला, खटकाच द्यायचा होता." उपाय होता. पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला एक ८.२ के चा रेझिस्टन्स लावला की लिनियर पॉट बराचसा लॉगसारखा वागतो. मी ४६ रेझिस्टन्स स्वखर्चाने पोस्टाने पाठवले आणि सोबत लिहिलं, "आवृत्ती दोन, सुधारित." मिरजकरांनी उलट लिहिलं, "आवृत्ती एक ही चूक होती का?" सतार बनवणारा माणूस, त्याचा कान सुटणार कसा.

त्याच मिरजकरांना सगळ्यांनी हमिंगचे नमुने पाठवायला सुरुवात केली. वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि कुठे अर्थिंग दोन वाटांनी फिरलं की स्पीकरमधून तीच घूं घूं येते. इतर कोणी असता तर म्हणाला असता, हमिंग आहे. हे म्हणाले, "पांढरी पाच. जरा चढी." मी हिशोब केला. पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झला असते. माणूस फोनवरून दोन हर्ट्झ ओळखत होता. न्यू जर्सीकरानेही आपला नमुना पाठवला, तिकडे वीज ६० ची, म्हणजे १२०. मिरजकर म्हणाले, "हे काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधोमध आहे. धड या पट्टीत नाही, धड त्या पट्टीत नाही." ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "बारा वर्षं झाली ना त्याला तिकडे." तो तीन दिवस बोलला नाही.

तेवीसपैकी सात प्रीअँप आज वाजतात. दहा माळ्यावर आहेत, चार "या दिवाळीत नक्की", दोघांनी पाकीट उघडलेलंच नाही. सातातला एक माझा.

तो पहिल्यांदा लावला तेव्हा आईला समोर बसवलं. बाबांच्या अक्षरातली तारीख तिने आधी वाचली, मग किंमत, मग "तेव्हा महागच होती" म्हणाली. सुई टेकली. बाई या वेळी आमच्याच घरात गात होत्या. मागे बारीकशी घूं घूं मला ऐकू येत होती. मी अंग चोरून उठलो, टर्नटेबलच्या अर्थिंगची वायर शोधली. स्क्रू ढिला होता. घट्ट केला. घूं घूं थांबली. आवाज काचेसारखा स्वच्छ.

आईने डोळे उघडले. "तानपुरा का रे बंद केलास?"

मी तिला समजावलं, ती वीज होती. तिला ते पटलं नाही. दुसऱ्या बाजूला मी स्क्रू पुन्हा अर्धा फेरा ढिला करून दिला. घूं घूं आली, आई मागे टेकली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जरा चढा लागलाय पण."

मी मिरजेला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाईंची पट्टी कुठली?" मी पेटीवर सा शोधला. पांढरी पाच. "वीज काही खाली येणार नाही," ते म्हणाले. "रेकॉर्ड दोन टक्के जोरात फिरवा."

टर्नटेबलच्या कडेला वेगाचं बटण असतं. मी ते हळूहळू सरकवत गेलो. एका जागी बाईंचा षड्ज आणि घूं घूं एकमेकांत विरघळले.

"हां," आई म्हणाली. "आता लागला."