माईकपर्यंत पोहोचू द्या

समिती नेमली की विषय बासनात गेला, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. नागपूरचे माझे मामाही तेच म्हणतात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, म्हणजे बेकायदा ठरवलेल्या संघटनांवर कारवाईचे अधिकार सरकारला देणारं विधेयक, विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झालं, तेव्हा ते फोनवर चिडून म्हणाले, "समिती बसली, सूचना मागवल्या, लोकांनी हजारोंनी पाठवल्या आणि शेवटी व्हायचं तेच झालं. मग त्या समितीचं काय लोणचं घालायचं?"

मामांचा राग मला कळतो. पण मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, इथल्या राज्य विधिमंडळाच्या समित्यांचं कामकाज आवडीने बघते, आणि समितीच नको हे मला पटत नाही. समितीचं दार कोणासाठी उघडं असतं, यावर मला भांडायचं आहे.

आधी इथली रीत सांगते. वर्षाच्या सुरुवातीला, फेब्रुवारीपर्यंत, राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, विधेयकांचा ढीग पडतो. दोन्ही सभागृहं मिळून दोन हजारांच्या वर विधेयकं येतात. प्रत्येक विधेयक त्या त्या विषयाच्या समितीकडे जातं, आणि मांडल्यापासून तीस दिवस उलटेपर्यंत त्यावर सहसा सुनावणीच होत नाही. हा राज्यघटनेचा नियम आहे. लोकांना वाचायला वेळ मिळावा, यासाठी. मग समितीचे कर्मचारी त्या विधेयकाचं लेखी विश्लेषण तयार करतात: आजचा कायदा काय आहे, नवा काय बदलेल, बाजूचे काय म्हणतात, विरोधातले काय म्हणतात. शेवटी पाठिंबा देणाऱ्या आणि विरोध करणाऱ्या संस्थांची यादी असते. हे सगळं कोणालाही घरबसल्या वाचता येतं.

२०२३ साली आमच्याच भागाच्या सिनेटर आयेशा वहाब यांनी एसबी ४०३ हे विधेयक मांडलं. जातीवरून भेदभाव करायला बंदी, असं कायद्यात स्पष्ट लिहावं, एवढीच त्याची मागणी होती. त्याच फेब्रुवारीत सिएटल शहराने तसा ठराव केला होता. अमेरिकेतलं ते पहिलं शहर, आणि तो ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्यामुळे इथल्या मराठी घरांत हा विषय जेवणाच्या टेबलापर्यंत आला होता. काही घरांत त्यावरून बोलणं बंद झालं. मी विधेयकाच्या बाजूची होते, आजही आहे. जात सातासमुद्रापार येते, हे भाड्याची खोली शोधताना आडनावाआडून चौकशी झालेल्या कोणालाही विचारा.

त्या विधेयकाची न्याय समितीपुढची सुनावणी मी पाहिली आणि ती मला विसरता येत नाही. दोन्ही बाजूंच्या मुख्य साक्षीदारांना मोजकी मिनिटं मिळतात. त्यांचं झालं की अध्यक्ष माईक बाकीच्यांना मोकळा करतात. मग रांग सुरू होते. नाव, गाव, संस्था असली तर तिचं नाव, आणि बाजूने की विरोधात. बस्स, एवढंच बोलायचं. कोणी जास्त बोलू लागलं की अध्यक्ष थांबवतात. पण माणसामागून माणूस येत राहतो. साडी नेसलेल्या आजी, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेला मुलगा, आईचा हात धरून आलेली शाळकरी पोर. "बाजूने." "विरोधात." "बाजूने." जात या विषयावर एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी आपली माणसं आपलं नाव घेऊन, आमदारांच्या डोळ्यांत बघत, आपली बाजू नोंदवत होती. तिथे कोणी नागरिकत्वाचा पुरावा मागत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या, मतदानाचा हक्क नसलेल्या माणसालाही बोलता येतं. मला या राज्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

आणि ती रांग वाया गेली नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की 'जात' हा शब्द वेगळा लिहिला तर एकाच समाजाकडे बोट दाखवलं जाईल. विधेयक दुसऱ्या सभागृहात, असेंब्लीत, गेल्यावर त्यात बदल झाला आणि जात ही 'वंशपरंपरा' या आधीच असलेल्या वर्गाचा भाग म्हणून लिहिली गेली. समर्थकांना हे बोचलं, मलाही बोचलं. पण बदल कशामुळे झाला, कोणाच्या मागणीवरून झाला, हे सगळ्यांसमोर होतं. सिनेटमध्ये विधेयक आधी ३४ विरुद्ध १ आणि बदलासह अखेरीस ३१ विरुद्ध ५ मतांनी संमत झालं. आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यात असा भेदभाव आधीच निषिद्ध आहे, नवा कायदा अनावश्यक आहे, हे त्यांचं कारण. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. कायद्यात शब्द नसेल तर तक्रार करणाऱ्यालाच आधी जात म्हणजे काय हे वरिष्ठांना शिकवत बसावं लागतं.

इथे सगळं आलबेल आहे, असं मला सुचवायचं नाही. खर्चिक विधेयकं अर्थविषयक समितीकडे जातात आणि तिथे 'सस्पेन्स फाइल' नावाच्या गठ्ठ्यात अडकतात. असेंब्लीत राज्याला वर्षाला दीड लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च येणार असेल, तर विधेयक त्या गठ्ठ्यात गेलंच म्हणून समजा. मे आणि ऑगस्टमध्ये एकेका बैठकीत शेकडो विधेयकांचा निकाल भराभर वाचला जातो. 'रोखलं' एवढाच शब्द ऐकू येतो, कारण सांगत नाहीत. चांगली चांगली विधेयकं तिथे मेली आहेत आणि मारणाऱ्याचं नाव कुठेही लागलेलं नाही. अधिवेशनाच्या शेवटी एखाद्या विधेयकाचा सगळा मजकूर काढून भलताच मजकूर घालायची खोडही इथे जुनी आहे. तिला आवर घालायला २०१६ मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्ती केली: अंतिम मतदानाआधी ७२ तास मजकूर लोकांना वाचायला उपलब्ध हवा. म्हणजे इथलीही दारं आपोआप उघडली नाहीत. लोकांनी ती ढकलली.

आता घरचं. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आलं, विधानसभेची मुदत संपल्यावर बारगळलं, आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा मांडलं गेलं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. ज्या राज्यात लोक असं लिहून पाठवतात, त्या राज्याच्या लोकांना राजकारणाचं काही पडलेलं नाही असं कोणी म्हणू नये. समितीने काही बदल सुचवलेही. व्यक्ती आणि संघटना असा आधीचा ऐसपैस उल्लेख कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता केला, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची पायरी वर नेली, सल्लागार मंडळाची रचना बदलली. हे बदल पुरेसे नाहीत असं माझं मत आहे. 'तत्सम' या शब्दात उद्या कोणालाही बसवता येईल. पण मत सोडा. त्या बारा हजारांपैकी कोणत्या हरकतीमुळे काय बदललं, कोणती का फेटाळली, कोणता आमदार बैठकीत काय बोलला, हे हरकत पाठवणाऱ्याला कळायला मार्ग कुठे आहे? आपल्याकडे समितीच्या बैठका खासगी असतात. अहवालाला कोणाचीही भिन्नमतपत्रिका नव्हती असं सत्ताधारी सांगतात, आणि परिषदेत तेच विधेयक येतं तेव्हा विरोधक सभात्याग करतात. दार बंद असल्यामुळे दोघांनाही आपापली सोय झाली. मामांचा राग खरा इथला आहे.

नागपूरकराला हे जास्त लागतं, कारण अधिवेशनाला माणूस कुठपर्यंत पोहोचतो हे आम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. यशवंत स्टेडियममधून मोर्चा निघतो आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेडपाशी थांबतो. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. उन्हात तासन् तास बसायचं, मग चार जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, फोटो निघतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी आलेला गोवारींचा मोर्चा असाच निवेदन घ्यायला कोणीतरी येईल म्हणून थांबला होता. पोलिसांनी लाठीमार केला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यात बायका आणि लेकरं जास्त. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. त्या लोकांना आत बोलवून, नाव आणि गाव विचारून, पाच मिनिटं ऐकून घेण्याची सोय आपल्या विधिमंडळाच्या नियमांत तेव्हा नव्हती. आज तरी कुठे आहे?

"तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं," असं माझी वर्गमैत्रीण म्हणते. माझं जातं. माझी आई महाराष्ट्रात आहे, माझं सातबाऱ्यावरचं नाव तिथे आहे, आणि उद्या मी परतले तर याच कायद्यांखाली राहणार आहे. शिवाय महाराष्ट्राकडे एक गोष्ट इथल्यापेक्षा सरस आहे: आपलं विधेयक मराठीत छापून येतं. गडचिरोलीचा शिक्षक ते आपल्या भाषेत वाचू शकतो. फ्रीमाँटमधल्या कितीतरी आज्यांना एसबी ४०३ चा मजकूर नातवाकडून समजून घ्यावा लागला होता. एवढा मोठा फायदा हाताशी असताना आपण तो माणूस बॅरिकेडच्या बाहेर उभा ठेवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नागपूरचं विधानभवन वर्षातले बहुतेक दिवस रिकामं असतं. जे विधेयक संयुक्त समितीकडे जाईल, त्याची एक तरी उघडी सुनावणी तिथे घ्या, एक मुंबईत, एक मराठवाड्यात. थेट प्रक्षेपण करा. प्रत्येकाला दोन मिनिटं द्या, नाव आणि गाव नोंदवून घ्या. आलेल्या हरकतींचा तपशील आणि त्यांवरचं उत्तर अहवालाला जोडा. डिसेंबरपासून जुलैपर्यंत वेळ होता, तेव्हा वेळ नाही ही सबब चालणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाने आपलेच नियम बदलले की पुरे. मामांना मी हेच सांगितलं, आणि पुढच्या अधिवेशनाआधी आमच्या भागाच्या आमदारांना हे लेखी द्यायचं त्यांनी कबूल केलं आहे.