‘हवाई सुंदरीला कशाला हवी युनियन?’

आमच्या संभाजीनगरच्या सिडकोतल्या ग्रुपपासून जालन्याच्या पाहुण्यांच्या ग्रुपपर्यंत आठवडाभर एकच मेसेज फिरतोय. “हवाई सुंदरींना युनियन कशाला? एसीत बसून चहा-पाणी द्यायचं, गलेलठ्ठ पगार, फुकट फिरणं. युनियन आली की कंपनी बुडते, एअर इंडिया बघा. पटत नसेल तर नोकरी सोडा.” खाली अंगठ्यांची रांग. माझी भाची हेच काम करते आणि मी स्वतः वाळूजला बावीस वर्षं मशीनवर काढलीत, म्हणून गप्प बसवेना.

आधी एसीचं. दिवाळीला भाची घरी आली ती परातीत कोमट पाणी नि मीठ घेऊन पाय बुडवून बसली. टाचा सोललेल्या. रात्री पावणेतीनला गाडी दारात, दिवसात चार उड्डाणं, उशीर झाला की शिव्या हिलाच. “मामा, आमचा उड्डाणाचा भत्ता विमान जागचं हललं की सुरू होतो. त्याआधी बॅगा कोंबते, सीटवरून भांडणं मिटवते, ते धरतच नाहीत.” हे फक्त तिच्या कंपनीचं रडगाणं नाही. जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा हाच मुद्दा घेऊन ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे १० हजारांवर केबिन कर्मचारी संपावर गेले होते.

पगार बरा आहे, नाही म्हणत नाही. पण मुंबईत एका फ्लॅटमध्ये चौघी राहतात, हेही लिहा की.

“चहा-पाणी” तर संभाजीनगरकराने म्हणूच नये. २६ एप्रिल १९९३ ला आपल्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. अशा वेळी दार उघडून लोकांना बाहेर काढणं, हे या मुलींचं खरं काम. ट्रॉली आपल्याला दिसते एवढंच. आता झोप न झालेल्या मुलीने “आज मला जमणार नाही” म्हणायचं कुणाच्या भरवशावर? भाची म्हणते, एकटीने म्हटलं की पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यात, त्याचा राग निघालेला बघायचा.

कंपनी बुडते म्हणे. एअर इंडियाला जड गेलेली १११ विमानांची खरेदी आणि इंडियन एअरलाइन्सबरोबरचं २००७ चं विलीनीकरण कुठल्या युनियनने ठरवलं होतं? किंगफिशर कर्जात बुडाली, तिथल्या लोकांचे तर महिनोन्महिने पगार थकले. उलट अमेरिकेतली साउथवेस्ट ही युनियनवाल्यांनी भरलेली कंपनी २०१९ पर्यंत सलग ४७ वर्षं नफ्यात होती. युनियनमुळेच नफा झाला असं मी म्हणत नाही; बुडाली नाही, एवढंच.

कुणीतरी खाली एसटीचा संप जोडलाय. तो आम्हीही भोगलाय, वडापमध्ये मेंढरांसारखे कोंबून गेलोय. पण तो मान्यताप्राप्त संघटनेला बाजूला सारून चालला होता. ज्याच्याशी बोलून मिटवायचं तोच नसला की संप लांबतो.

राहिलं “नोकरी सोडा”. पूर्वी एअर इंडियात पहिल्या गरोदरपणालाच हवाई सुंदरीची नोकरी संपायची. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. ते काम कोर्टाने केलं, युनियनने नाही, मान्य. पण सोडून गेलेल्यांनी तो नियम बदलला नाही. आणि मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने एकदम आजारपणाच्या रजा टाकल्या. प्रवाशांचे हाल झाले, ते मी झाकत नाही. कंपनीने पंचवीसेक जणांना काढलं. लगेच केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि काढलेले परत घेतले गेले. त्या टेबलापाशी बसायला एक नोंदलेली युनियन होती.

भाचीच्या कंपनीत अजून काहीच नाही. नोंदणीच्या अर्जावर निदान सात सह्या लागतात. “मामा, सात जणी मिळतील,” ती म्हणाली, “पण पहिली सही कोण करणार?” अंगठा दाखवणाऱ्यांपैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर ग्रुपवर टाका, मी तिला पाठवतो.