‘वर्कशॉपमध्ये हीट डिटेक्टर लावला की झालं’ हा सल्ला अपुरा आहे

घरच्या लाकूडकामाच्या वर्कशॉपसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. ‘भुशाच्या धुळीने स्मोक अलार्म उगाच वाजतो, म्हणून तो नकोच. हीट डिटेक्टर लावा. त्याला धुळीचा त्रास नाही, आग लागताच तो वाजतो. एवढं पुरे.’

धुळीने स्मोक अलार्म उगाच वाजतो, हे खरं आहे. फोटोइलेक्ट्रिक स्मोक अलार्ममध्ये धुराचे कण प्रकाश विखुरतात आणि त्यावरून इशारा मिळतो. सँडिंगची बारीक धूळही नेमकं तेच करते. चार वेळा उगाच वाजला की माणूस बॅटरी काढून ठेवतो, आणि बंद अलार्म काहीच कामाचा नसतो. म्हणून करवत आणि सँडर चालतात त्या जागी हीट डिटेक्टर लावणं योग्यच.

पण ‘आग लागताच’ हे चूक आहे. स्थिर तापमानाचा साधा डिटेक्टर साधारण 57 अंश सेल्सिअसला वाजतो. तेवढी उष्णता छतापर्यंत पोहोचून त्याला स्वतःला तापवायला हवी, आणि तोवर ज्वाळा चांगल्या मोठ्या झालेल्या असतात. तापमान मिनिटाला सुमारे 8 अंशांनी चढलं की वाजणारे प्रकारही मिळतात. भडकलेल्या आगीत ते लवकर जागे होतात, पण तासन्‌तास धुमसणारी आग त्यांच्याही नजरेतून सुटते. (पत्र्याच्या छपराखाली जागा मुळातच तापत असेल, तर जास्त तापमानाचं मॉडेल घ्यावं.)

लाकूडकामात तर धुमसणारी आगच मला जास्त घाबरवते. जवसाचं तेल वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यात उष्णता तयार होते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच कोंडते. काही तासांनी, तुम्ही दिवा मालवून घरात गेल्यावर, तो बोळा ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. त्या चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. डिटेक्टर कोणताही असो, हे चुकवू नका.

म्हणूनच स्मोक अलार्म ‘नकोच’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं. वर्कशॉप घराला लागून असेल तर मधल्या दाराच्या घरातल्या बाजूला फोटोइलेक्ट्रिक स्मोक अलार्म लावा. धुमसत्या आगीचा धूर तो आयोनायझेशन (विद्युतभारित हवेतल्या बदलावरून धूर ओळखणाऱ्या) प्रकारापेक्षा सहसा लवकर ओळखतो, आणि दार बंद राहिलं तर धुळीचाही फारसा त्रास होत नाही. झोपायच्या खोल्यांजवळचे अलार्म तर हवेतच.

राहिलं ‘एवढं पुरे’. वर्कशॉपमधला अलार्म मध्यरात्री दोन बंद दारांपलीकडे कोणाला ऐकू जाणार? सगळे अलार्म तारेने किंवा वायरलेसने जोडलेले असावेत, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात. मात्र हीट आणि स्मोक अलार्म एकमेकांशी जुळणारे आहेत ना, हे घेतानाच पाहा. आणि तुम्ही कानांवर इअरमफ चढवून करवत चालवत असाल, तर घरातला अलार्मही ऐकू येणार नाही. वर्कशॉपमध्ये लुकलुकणारा दिवा जोडता येतो का ते पाहा.

अलार्म बसवल्यावर सगळी दारं लावा, एकाला वर्कशॉपमध्ये टेस्टचं बटण दाबायला सांगा आणि स्वतः पलंगावर आडवे होऊन ऐका. आवाज आला नाही, तर जोडणी अजून पूर्ण झालेली नाही.