‘अडाणी’ ठोकपीट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. महिंद्रा जीपच्या पुढच्या चाकाची बेअरिंग बदलण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘हातोड्याने बेअरिंग ठोकणं हा निव्वळ अडाणीपणा. टॉर्क रेंच नाही, ग्रीस कोणतं ते लिहिलं नाही, जुनंच ऑइल सील परत बसवलंय. असले लेख वाचून लोक मरतील.’

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘अडाणी’? माझे वडील कुंभार्ली घाटात वडाप, म्हणजे सवाऱ्यांची जीप, चालवायचे. चाक घोंघावायला लागलं की हब उतरवून जुनं ग्रीस रॉकेलने धुवायचं काम माझ्याकडे, तेही शाळकरी वयात. कपात, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात, खड्डे पडलेत का, हे मी नख फिरवून सांगायचो. आपण हे काम कुठे शिकलात तेवढं कळवा, म्हणजे बोलायला बरं पडेल.

लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं की ठोकायचा तो फक्त बाहेरचा कप, तोही पितळी दांड्याने, समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून थोडा थोडा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो टणक येतो. आतला रोलरवाला भाग, ज्याला ‘कोन’ म्हणतात, तो तर स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, हातानेच सरकतो. त्याला हातोडा लावा असं मी कुठे म्हटलंय? दाखवाच. दाबून बसवायचा प्रेस असेल तर खुशाल वापरा, पाटणच्या आमच्या अंगणात नव्हता.

टॉर्क रेंच म्हणजे जोर मोजून नट आवळायचा पाना, त्याचंही तेच. ही टेपर रोलरची, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंग. चाक फिरवत फिरवत, ते जड होऊन अडेपर्यंत आतला नट आवळायचा, मग १/६ फेरा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू, मागे घ्यायचा. जुन्या विलीज जीपच्या जमान्यापासून हीच रीत आहे. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट आणि वॉशरची कड दुमडून टाकायची. पाच-दहा किलोमीटर फिरवून हबला हात लावा. चटका बसला तर नट जास्त आवळलाय. हे कळायला हात पुरतो, साहेब.

ग्रीसचं लिहायचं राहिलं, मान्य. लिथियमवालं घ्या, जुन्यात मिसळू नका.

सीलवर काथ्याकूट नको. चांगलं दिसलं, बसवलं.

‘लोक मरतील’ला मी उत्तर देत नाही. पुढच्या वेळी टोपणनावाआडून न येता नावानिशी लिहा, मग बोलू.