खुर्च्यांची चाकं काढा

ऑफिसातले फालतू निरोप कमी करायचेत म्हणता? करा की. पण आपण इंदूरकर. 2017 साली स्वच्छतेत देशात पहिले आलो ते नुसतं झाडू मारून नाही, कचरा घरातच वेगळा करून. घरी सहा डबे ठेवता, तसे ऑफिसातही ठेवा. ओला कचरा म्हणजे 'गुड मॉर्निंग', 'नोटेड सर' आणि पिवळा अंगठा. संध्याकाळपर्यंत वास मारतो. सुका म्हणजे परिपत्रकं, वर्षानुवर्षं कुजत नाहीत. 'वैयक्तिक लक्ष घालावे' हा घातक कचरा, तो साहेबांचा असतो, हात लावू नका.

उरलेले तीन डबे ठरवायला समिती नेमा. बारा जणांची. पाच माणसांत बोलणाऱ्या जोड्या होतात 10, बारांत 66. गैरसमजाला फिरायला एवढ्या गल्ल्या तर हव्यातच.

मग ई-मेलमधलं सीसी. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात कागदाखाली कार्बन घालायचा, आणि बटणं कितीही बडवली तरी खालच्या प्रती धूसर होत जायच्या. त्यामुळे बडेबाबूंना आधी विचार करावा लागे, हे नक्की वाचायचंय कोणाला? केवढा जाच! आता शेवटची प्रतही पहिलीइतकीच ठळक. तेव्हा बिनधास्त चाळीस जणांना सीसी टाका. वाचणार कोणी नाही, पण खापर फुटायची वेळ आली की ते चाळीस डोक्यांवर वाटून फुटतं. (पत्रव्यवहाराचा मूळ हेतू हाच, असं माझं प्रामाणिक मत आहे. मीही सीसीत असतो.)

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात 1024 माणसं मावतात. तुमच्या ऑफिसात सव्वीस आहेत, म्हणून ग्रुप सात करा: 'ऑफिस', 'ऑफिस ऑफिशियल', 'ऑफिस, सर सोडून' वगैरे. आठवा 'फालतू मेसेज बंद'. सगळ्यात जास्त गजबज तिथेच होईल. 'शनिवारी छप्पन दुकानला खायला कोण कोण?' असं विचारा, दोन मिनिटांत पंचवीस होकार. खाली लगेच जीएसटीचा आकडा मागून बघा. निळ्या टिका सगळ्यांच्या, आकडा कोणाकडेच नाही.

एवढं करूनही एक धोका राहतोच. परवा आमच्या ऑफिसात नवीन पोरानं मेल केला नाही, ग्रुपवर टाकलं नाही, नुसती खुर्ची मागे सरकवली आणि अकाउंट्सच्या काकांना विचारलं, "काका, ते बिल गेलं का हो?" काका म्हणाले, "मंगळवारीच गेलं रे." संपलं! ना पुरावा, ना सीसी, आणि त्या बिलावर सोमवारी ठेवलेली मीटिंग पार उघडी पडली.

म्हणून सांगतो, खुर्च्यांची चाकं आधी काढून घ्या. टिपणी मी तयार ठेवली आहे, सव्वीस जणांना पाठवतो. पोचली की 'नोटेड' तेवढं लिहा.